शाळेच्या वेळेतील आजारपण

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपल्यापैकी बहुतेक डॉक्टर आपापल्या शाखेतील नव्या उपचारांवर लिहितात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र या वेळी दवाखान्याबाहेरच्या एका व्यक्तीविषयी लिहिणार आहे. ती व्यक्ती म्हणजे शाळेतील समुपदेशक. दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांना मी बालरोगतज्ज्ञ म्हणून महिन्यातून फार तर वीस मिनिटे पाहतो. शाळा त्यांना रोज सात तास पाहते. आपल्या शहरातील काही शाळांत तर, आयआयटीच्या पायाभरणीच्या नावाखाली, सहावीपासूनच नऊ-दहा तास. मुलाची साखर उतरते ती गणिताच्या तासाला, धाप लागते ती प्रार्थनेच्या मैदानावर, आणि आपण इतरांसारखे नाही ही जाणीव होते ती मधल्या सुट्टीत. यांपैकी एकही गोष्ट माझ्या तपासणीच्या खोलीत घडत नाही. तरीही या आजारांचा विचार आपण डॉक्टर आणि पालक या दोघांपुरताच ठेवला आहे.

माझे म्हणणे असे आहे की, हैदराबादच्या शाळांत समुपदेशक आता येऊ लागले आहेत, परंतु दीर्घ आजाराच्या मुलांना आधार देण्याची त्यांची तयारी कोणी करून घेतलेली नाही. आणि ती करून घेणे हे शिक्षण खात्याइतकेच आपलेही काम आहे.

हा विषय काढला की ज्येष्ठ मंडळी हमखास म्हणतात, ‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? वर्गशिक्षकच सारे पाहत.’ आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण जामबागेतील विवेकवर्धिनीत झाले. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने निजामाच्या राजवटीत मराठी मुलांसाठी उभी केलेली ती शाळा. तेथील शिक्षक मुलांची घरची परिस्थिती जाणून असत आणि चार दिवस मूल दिसले नाही तर काचीगुड्याच्या गल्लीत घर शोधत येत, अशा आठवणी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या खऱ्याच असणार. पण त्या आठवणींतून एक गोष्ट गळून जाते. मी ज्या मुलांविषयी लिहितो आहे, ती मुले त्या वर्गांत फारशी नव्हतीच. थॅलेसेमिया मेजर झालेले मूल, त्याला नियमित रक्त मिळाले नाही तर, पहिल्या काही वर्षांतच दगावते. इन्शुलिन १९२२ सालच्या जानेवारीत टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोचले गेले. परंतु त्यानंतर कित्येक दशके आपल्याकडची खेड्यांतील मुले मधुमेहाचे निदान होण्याआधीच गेली, आणि घरच्यांनी ताप डोक्यात गेला असे समजून दुःख गिळले. आज हीच मुले दहावीला बसतात, बारावीला बसतात, अभियांत्रिकीला जातात. हे आपल्या शास्त्राचे यश आहे. मात्र रोगी जगला की त्याला शाळाही लागते, याचा विचार यशाबरोबर झाला नाही.

संख्या लहान नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलांना टाइप १ मधुमेह होता, आणि ही संख्या जगात सर्वाधिक होती. रक्ताच्या आजारांबाबत आपले शहर तर एक केंद्रच आहे. पालक, रुग्ण आणि डॉक्टर यांनी एकत्र येऊन १९९८ मध्ये येथे थॅलेसेमिया अँड सिकलसेल सोसायटी स्थापन केली. शिवरामपल्लीच्या तिच्या केंद्रात रक्त घेण्यासाठी तेलंगणाच्या जिल्ह्यांतूनच नव्हे, तर सीमेपलीकडच्या मराठी मुलखातूनही कुटुंबे येतात. आदिलाबाद, गडचिरोली, चंद्रपूर हा सारा पट्टा सिकलसेलचा. राज्यांच्या सीमा त्या जनुकाला ठाऊक नाहीत. दमा आणि अपस्मार यांची तर गणतीच नको. प्रत्येक मोठ्या शाळेत ही मुले असतातच.

आता समुपदेशकांकडे वळू. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ च्या संलग्नता नियमावलीत माध्यमिक शाळांना समुपदेशक नेमण्याची अट घातली. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. परीक्षांचा ताण आणि आत्महत्या हा त्या निकालाचा गाभा होता आणि आपल्या दोन्ही तेलुगू राज्यांतील शिकवणी वर्गांची स्थिती पाहता तो रास्तच होता. पण माणूस नेमला की काम आपोआप होते, असे नाही. मला भेटलेल्या समुपदेशकांत बहुतेक तरुण मुली आहेत. त्या मानसशास्त्र शिकलेल्या, मनापासून काम करू पाहणाऱ्या आहेत. शाळा त्यांच्याकडून करिअर मार्गदर्शन करून घेते, वर्गातील दांडगट मुले त्यांच्याकडे पाठवते, एखादा शिक्षक रजेवर असला की त्याच्या तासाला त्यांनाच उभे करते आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांना शाळा दाखवण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात घालते. आजारी मुलांविषयी काय करता, असे मी विचारले तेव्हा एकीने प्रामाणिकपणे सांगितले, ‘सर, ते परिचारिकेच्या खोलीचे काम असते ना?’

या उत्तरात तिचा दोष नाही. तिच्या अभ्यासक्रमात नैराश्य होते, चिंता होती, अध्ययन अक्षमता होती, इन्शुलिन नव्हते. उलट परिचारिकेच्या खोलीत मलमपट्टी असते, क्रोसिन असते, पलंग असतो. तेथे मन नसते. आजारी मूल या दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात उभे असते.

त्या व्हरांड्यात काय चालते, ते टाइप १ मधुमेहाच्या उदाहरणाने सांगतो, कारण तेथे ते सर्वांत स्पष्ट दिसते. या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा साखर तपासावी लागते, जेवणाआधी इन्शुलिन टोचावे लागते, साखर सत्तरच्या खाली गेली तर लगेच तीन चमचे ग्लुकोज खाऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे लागते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात आठवीतली एक मुलगी — तपशील बदलून सांगतो — दुपारचे इन्शुलिन शाळेच्या स्वच्छतागृहात टोचून घेत असे, कारण वर्गात सुई काढलेली शाळेला चालत नव्हती. त्या स्वच्छतागृहाचा वास आला की तिची भूक जाई. इन्शुलिन घेतलेले आणि डबा अर्धा परत, त्यामुळे दोनच्या सुमारास साखर उतरे. साखर उतरली की ती चिडचिडी होई, उत्तरे उद्धट देई आणि मग बाई तिला वर्गाबाहेर उभे करीत. साखर उतरलेल्या मुलाला एकटे बाहेर काढणे यापरते धोक्याचे काही नाही, हे वैद्यकीय सत्य त्या वर्गात कोणाला ठाऊकच नव्हते. शेवटी मुलीने स्वतःच उपाय शोधला: दुपारचे इन्शुलिन बंद. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली पाहून घरच्यांनी गोडावर संशय घेतला. शाळेत समुपदेशक होत्या. त्यांच्या नोंदीत ‘वर्तन समस्या’ असे लिहिले गेले होते.

या गोष्टीत औषधोपचारात बदल करण्यासारखे काहीही नव्हते. एक स्वच्छ जागा, एक समजूतदार शिक्षिका आणि ‘ही उद्धट नाही, हिची साखर पाहा’ असे सांगणारा एक माणूस हवा होता. नियमांचा आधारही आहे. केंद्रीय मंडळाने २०१७ मध्येच टाइप १ मधुमेहाच्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ आणि पाण्याची बाटली नेण्यास परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जुलै २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून, अशा मुलांना वर्ग चालू असतानाही साखर तपासण्याची, इन्शुलिन घेण्याची आणि खाण्याची मुभा द्यावी, असे सांगितले. साखरेचे मापन मोबाइलवर दाखवणारी यंत्रे आता दंडावर चिकटवलेली दिसतात. तो मोबाइल परीक्षेत पर्यवेक्षकाकडे ठेवावा, अशी सूचनाही त्यात आहे. किती शाळांना हे पत्र ठाऊक आहे? मी विचारलेल्या मुख्याध्यापकांपैकी एकालाही नव्हते, आणि मोबाइलबंदीचा फलक मात्र प्रत्येकाच्या प्रवेशद्वारावर होता.

पौगंडावस्थेत या मुलांना जो थकवा येतो, तो कोणत्याही परिपत्रकात मावत नाही. सहा वर्षांपासून सुया टोचून घेणारा मुलगा पंधराव्या वर्षी एक दिवस म्हणतो, ‘मला आता कंटाळा आला.’ आपण डॉक्टर त्याला मूत्रपिंडाची आणि डोळ्यांची भीती घालतो. भीतीने तो आठवडाभर सुधारतो आणि नंतर वहीत खोटे आकडे लिहू लागतो. काही मुली वजन कमी होते म्हणून मुद्दाम इन्शुलिन टाळतात. ही गोष्ट आईला कळत नाही, मैत्रिणीला कळते. हा कंटाळा ऐकून घेणे, त्याला नाव देणे, खोट्या आकड्यांमागची लाज ओळखणे हे समुपदेशकाचे खरे क्षेत्र आहे, आणि येथे तो डॉक्टरपेक्षा चांगले काम करू शकतो. मात्र आजार कसा चालतो, हे ठाऊक असेल तरच. नाही तर तोही इच्छाशक्तीवर व्याख्यान देईल. एरवी चांगल्या असलेल्या एका समुपदेशकाने माझ्या रुग्णाला तसे ते दिलेही होते.

थॅलेसेमियाची बात वेगळी. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. म्हणजे वर्षाला पंधरा-वीस दिवस शाळा बुडणारच, आणि चाचणी परीक्षा नेमकी त्याच दिवशी यायची. हजेरीचा तक्ता पाहून शाळा पालकांना पत्र पाठवते. रक्त घेण्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत मूल फिकट आणि सुस्त असते, नंतरच्या आठवड्यात टवटवीत. महत्त्वाची तोंडी परीक्षा त्या पहिल्या दिवसांत ठेवू नये, एवढे साधे वेळापत्रक समुपदेशक सहज जुळवू शकतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे उंची. शरीरात साठलेल्या लोहामुळे अनेकांची वाढ खुंटते, वयात येणे लांबते. नववीतला मुलगा पाचवीतल्यासारखा दिसतो. आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही. वर्गातील मुले त्याला काय म्हणतात, ते येथे लिहिण्यासारखे नाही. अशा मुलाला नाटकात नेहमी बाळकृष्णाची भूमिका देणाऱ्या शिक्षकांचा हेतू वाईट नसतो; पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश झाला. परीक्षेतील सवलतींचा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे. प्रमाणपत्र कोठे मिळते, अर्ज नववीत करायचा की दहावीत, हे पालकांना सांगणारा शाळेत कोणी नाही. टाइप १ मधुमेह आणि दमा त्या यादीत नाहीत, हेही समुपदेशकाला माहीत असले पाहिजे, म्हणजे तो भलत्या कार्यालयात कोणाला खेटे घालायला लावणार नाही.

सिकलसेलविषयी एवढेच सांगतो की, त्या वेदना बाहेरून दिसत नाहीत. सूज नाही, ताप नाही, आणि मूल हातपाय धरून रडते. शिक्षकाला ते सोंग वाटते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. तपासणीनंतर ज्या मुलांच्या हाती कार्ड येईल, त्यांच्या शाळेने त्या कार्डाचे काय करायचे, हा भाग अजून कच्चा आहे. भरपूर पाणी पिऊ देणे, उन्हात पळायला न लावणे आणि दुखते म्हटले की विश्वास ठेवणे, एवढ्याने पुष्कळ काम होईल.

दम्याचा उल्लेख हैदराबादेत मृग नक्षत्राशिवाय पुरा होत नाही. मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बत्तिनी गौड कुटुंबाचा मत्स्यप्रसाद घेण्यास दूरदूरचे लोक लोटतात. मरळ माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळी औषधी भरून ते गिळायचे असते. त्याने दमा बरा होतो, याला शास्त्रीय पुरावा नाही. पण मला मासा तितकासा खटकत नाही, जितके प्रसाद घेतल्यावर इनहेलर बंद करणे खटकते. त्याच आठवड्यात पाऊस येतो, शाळा उघडतात, सर्दीची साथ सुरू होते आणि माझ्याकडे धापा टाकणारी मुले येतात. इनहेलरची सवय लागते, हा समज शिक्षकांतही आहे. काही शाळांत इनहेलर मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली शिपायाकडे. समुपदेशकाने कुटुंबाच्या श्रद्धेची टर उडवू नये. प्रसाद घेतला असेल तर घेतला. इनहेलर दप्तरात आहे ना, एवढे जूनमध्ये विचारावे.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. या साऱ्यासाठी शाळेला आजार कळला पाहिजे, आणि पालक तो सांगत नाहीत. अपस्माराच्या बाबतीत तर फारच. मुलगी असेल तर आई आधी विचारते, ‘डॉक्टर, शाळेत सांगावे लागेल का? पुढे लग्नाला अडचण येईल.’ आपला मराठी समाज या शहरात तीन-चार पिढ्यांपासून स्थिरावलेला आणि एकमेकांना ओळखणारा आहे. गणेशोत्सवात भेटणाऱ्या चार बायकांत शाळेतील एक शिक्षिका असते, आणि पंधरा वर्षांनी स्थळ सांगून येते तेव्हा त्यातली एखादी आठवण जागी होते. पालकांची भीती काल्पनिक नाही. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला बाधक ठरणारा दोष होता. तो शब्द १९९९ मध्ये काढून टाकला गेला. कायद्यातून गेलेला शब्द लोकांच्या मनातून गेलेला नाही.

तरीही मी पालकांच्या पूर्ण मौनाशी सहमत नाही. ज्या आजारांत पाच मिनिटांच्या आत कोणीतरी काही करावे लागते, त्यांत वर्गशिक्षकाला काय करायचे ते माहीत असलेच पाहिजे. फिट आलेल्या मुलाला आपल्याकडे अजून कांदा आणि चप्पल हुंगवतात, हातात किल्ल्यांचा जुडगा देतात, दातांत चमचा घालतात. कुशीवर वळवणे, घड्याळ पाहणे, तोंडात काही न घालणे आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णवाहिका बोलावणे, हे सांगण्यासाठी आजाराचे नाव घोषित करावे लागत नाही. थॅलेसेमियाचे तसे नाही; ते साऱ्या शिक्षकवृंदाला कळण्याची गरज नाही, समुपदेशकाला आणि मुख्याध्यापकांना कळले तरी पुरे. म्हणजे कोणाला किती सांगायचे हे आजारागणिक ठरेल, आणि दहा-बारा वर्षांवरील मुलाला विचारून ठरेल. समुपदेशकाच्या हाती ही माहिती सुरक्षित राहील असा विश्वास पालकांना वाटला, तरच ते बोलतील. आज तो वाटत नाही, कारण समुपदेशकाचे टेबल बहुधा कर्मचाऱ्यांच्या खोलीत असते आणि फाइल कोणीही उघडू शकतो. प्रशिक्षणात गोपनीयतेवर एक तास बोलण्याआधी शाळेला एक कुलूप विकत घ्यायला सांगावे, असे माझे मत आहे.

गुप्तता मोडण्याचा एक सोज्वळ प्रकारही आहे. १४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन आणि जगभर मधुमेह दिन. एका शाळेने या दुहेरी योगाचे औचित्य साधून मधुमेही मुलाला व्यासपीठावर बोलावले, त्याच्या धैर्याचे कौतुक केले, पुष्पगुच्छ दिला. टाळ्या झाल्या. त्या दिवसापर्यंत त्याचा आजार तीन मित्रांना ठाऊक होता. मुलगा पुढचा आठवडा शाळेत गेला नाही. सहानुभूतीलाही शिक्षण लागते.

बाहेर काय चालते, ते थोडे पाहू. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाखाली आजारी विद्यार्थ्यासाठी शाळेने लेखी योजना करण्याची पद्धत रुळली आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शाळांवर तसे कर्तव्यच टाकले. ती पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. तेथे शाळेवर दावा लावता येतो, येथे पालकाला वाटते की जास्त बोललो तर पुढच्या वर्षी प्रवेश नाकारतील. आपल्याकडेही प्रयत्न आहेत. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून तपासणी होते, पण ती शासकीय आणि अनुदानित शाळांत. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत करण्याची कल्पना आली, तीही शासकीय शाळांपासून. हैदराबादेतील आपली बहुतेक मुले खासगी शाळांत शिकतात. त्या दोन्हींतून निसटतात. महाराष्ट्रात टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ आणि नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेली ‘ड्रीम ट्रस्ट’ यांनी दाखवून दिले आहे की औषधाबरोबर शिकवण आणि सोबत दिली तर गरीब घरातील मूलही सावरते. ठाण्याच्या आयपीएचने, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या नेतृत्वाखाली, १९९० पासून मनाचे आरोग्य हा सामान्य माणसाच्या बोलण्याचा विषय केला. या दोन प्रवाहांची गाठ शाळेत पडायला हवी. आपल्या शहरात दिव्यांग मुलांच्या पुनर्वसनाचे जुने काम आहे. सिकंदराबादची मनोविकास नगरातील राष्ट्रीय संस्था १९८४ पासूनची. तज्ज्ञांची वाण येथे नाही.

‘समुपदेशकाला अर्धा डॉक्टर करू नका,’ असा आक्षेप माझ्या एका स्नेह्याने घेतला. तो मला मान्य आहे. त्याने मात्रा ठरवू नये, औषध बदलू नये, इंटरनेटवर वाचून आहार सांगू नये. पण दमा असलेल्या मुलाची घबराट आणि खरी धाप यांतला फरक कोणाला विचारायचा, अपस्मारात काही क्षण शून्यात पाहणारे मूल दुर्लक्ष करीत नसून त्याला झटका येत असतो, अपस्माराची काही औषधे मुलाला चिडखोर किंवा मंद करतात, स्टेरॉइडने चेहरा सुजतो, एवढे ठाऊक असणे म्हणजे डॉक्टर होणे नव्हे. शिवाय या साऱ्याची माहिती एका दिवसात देता येते. दिवसभरात न देता येणारी गोष्ट म्हणजे सराव: आजाराचे निदान नुकतेच झालेल्या मुलाला शाळेत परतल्यावर पहिल्या दिवशी काय विचारायचे, मित्रांनी विचारले तर काय सांगायचे, याची तालीम त्याच्याकडून कशी करून घ्यायची, रडणाऱ्या आईला आणि ‘काही झालेले नाही’ म्हणणाऱ्या वडिलांना एकाच खोलीत कसे बसवायचे. त्यासाठी समुपदेशकांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात येऊन बसावे. एक दिवस रक्त घेणाऱ्या मुलांच्या कक्षात, एक दिवस मधुमेहाच्या दवाखान्यात. आई सुई कशी टोचते, हे पाहिलेला समुपदेशक स्वच्छतागृहाचा पर्याय कोणाला सुचवणार नाही.

आपल्या बाजूची त्रुटीही सांगितली पाहिजे. डॉक्टरांची शाळेला जाणारी चिठ्ठी म्हणजे बहुधा ‘अमुक दिवस विश्रांती आवश्यक’ एवढीच असते, आणि ती वाचून शाळा त्या मुलाला वर्षभर खेळाच्या तासातून वगळते. क्रीडाशिक्षक घाबरतो, मूल झाडाखाली दप्तरे राखत बसते. खरे तर टाइप १ मधुमेहाच्या मुलाने खेळावे, दम्याच्या मुलाने इनहेलर घेऊन खेळावे. आपण ते लिहून देत नाही म्हणून शाळा धोका पत्करत नाही. मंडळाकडे माझी मागणी यासाठीच आहे की, आपण सर्वांनी वापरावे असे अर्ध्या पानाचे एक पत्र ठरवावे. मूल काय करू शकते हे त्यात आधी यावे, कशाची काळजी घ्यायची हे नंतर, तातडीच्या वेळी काय करायचे ते ठळक अक्षरांत, आणि खाली डॉक्टरांचा खरोखर उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक. आजाराचे नाव लिहायचे की नाही, त्याची चौकट पालक आणि मूल यांनी भरावी.

प्रशिक्षणासाठी मे महिन्यातील दोन रविवार पुरतील. त्या वेळी शाळांना सुट्टी असते आणि समुपदेशक मोकळे असतात. नवे वर्ष जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. केवळ मराठी मुलांच्या शाळा निवडण्याचा विचार करू नये. आपली मुले कुकटपल्लीपासून एल. बी. नगरपर्यंत कोणत्याही शाळेत असतात, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावरचे तेलुगू किंवा उर्दू बोलणारे मूल तितकेच आजारी असते. बालरोग, अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था आणि रक्तरोग या शाखांतील प्रत्येकी एक सहकारी आणि दोन मानसोपचारतज्ज्ञ मिळाले तर काम होईल. याशिवाय वीस-बावीस वर्षांची, अशा आजारासह शिकून बाहेर पडलेली दोन-तीन मुले वक्ते म्हणून हवीत. त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. पत्राचा पहिला मसुदा मी मराठी आणि इंग्रजीत तयार केला आहे. तेलुगू व उर्दू भाषांतर तपासून देणारे सहकारी मिळाले, तर मार्चच्या बैठकीत तो मांडता येईल.